डाव्या टॅकलचा घोटा

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल पहाटे वाचला. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्या संघाच्या आक्रमणाची पहिली छाननी तुझ्याकडे सोपवली, हे वाचून किती बरं वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलेली मुलगी तिसऱ्याच महिन्यात कॉलेज फुटबॉलच्या फिल्म रूममध्ये कशी जाऊन बसली, याचं तुझ्या आईला नवल वाटतंय. मला नाही वाटत. एकच गोष्ट चाळीस वेळा न कंटाळता बघणारी माणसं फार कमी असतात. तू तशी आहेस, हे तुझ्या लहानपणापासून बघतोय.

तू विचारलंस, "काका, सतरा रकान्यांची फाइल दिली आहे, सुरुवात कुठल्या रकान्यापासून करू?" माझं उत्तर असं की आज रात्री एकही रकाना भरू नकोस.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळायचा, पेठापेठांच्या तालमींचा, शाहू स्टेडियमवर गर्दी खेचणारा. चेंडू हातात घेऊन धावायच्या या अमेरिकन फुटबॉलमध्ये मला त्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तालमीचा. खासबागेत आमच्यापैकी कुणाची कुस्ती ठरली की वस्ताद आधी एखाद्या गावच्या जत्रेत जाऊन समोरच्या पैलवानाची लढत बघून यायचे. परत आले की आम्ही घोळका करून विचारायचो, कुठला डाव मारतो? ते म्हणायचे, डाव राहू दे, उभा कसा राहतो ते विचार. उजवा गुडघा दुखावलाय म्हणून डावा पाय पुढे ठेवतो, म्हणून ढाक लावायला जात नाही, म्हणून सारखा पटात शिरतो. आम्हाला पट दिसायचा, त्यांना गुडघा दिसायचा. पुढे आठ वर्षं मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या फिल्म बघितल्या, आणि जेव्हा जेव्हा माझं चुकलं तेव्हा मी पट मोजत बसलो होतो.

सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या वर्षीची. ती तुला सांगतो, कारण तुझ्या हातात आत्ता नेमकी तशीच फाइल आहे.

हंगाम अर्ध्यावर आला होता. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे पाच सामने माझ्यासमोर होते, साधारण साडेतीनशे स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव. प्रत्येक स्नॅपची नोंद मी केली: कितवा डाउन, म्हणजे दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला कितवा, अजून किती यार्ड काढायचे, चेंडू कुठे, रचना कुठली, धाव की पास, कुठल्या बाजूला. बेरीज केली तर धावेच्या दहा डावांपैकी सात उजवीकडे जात होते. एवढा ठसठशीत कल हाती लागला की माणूस हुरळून जातो. मी तो अहवालाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरात टाकला. आमच्या बचावाने त्यावर विश्वास ठेवून रचना त्या बाजूला झुकवली. शनिवारी पहिल्याच मालिकेत ते तीनदा डावीकडून धावले आणि तिसऱ्या धावेला थेट एंड झोनमध्ये, गुण मिळतात त्या शेवटच्या पट्ट्यात, गेले. दिवसभर तेच चाललं.

कारण साधं होतं. त्यांच्या डाव्या टॅकलचा, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेत डाव्या टोकाला उभं राहून वाट मोकळी करणाऱ्या खेळाडूचा, घोटा दुसऱ्या सामन्यात मुरगळला होता. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सामन्यात त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा मुलगा उभा होता, आणि त्या मुलाच्या मागून धावायला त्यांचा प्रशिक्षक धजत नव्हता. आमच्याविरुद्ध मूळचा टॅकल बरा होऊन आला. फिल्ममध्ये हे सगळं उघड दिसत होतं, जर्सीवरचा नंबर बदललेला होता. पण माझ्या फाइलमध्ये दिशेचा रकाना होता, माणसाचा नव्हता. आकडा खरा होता. ज्या संघाचा तो आकडा होता, तो संघ त्या शनिवारी मैदानात उतरलाच नाही.

म्हणून सांगतो, पहिली रात्र नुसती बघण्याची. दोन सामने सलग, रिमोट हातात न घेता, वही बंद ठेवून. आधी टीव्हीवर दाखवलेला सामना बघ, कारण त्यात बाकावर कोण लंगडतोय, कोण कुणावर ओरडतोय, प्रशिक्षकाने टाइमआउट कधी घेतला, हे दिसतं. मग प्रशिक्षकांची फिल्म बघ, ज्यात वरच्या कोनातून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, आणि तोच डाव पुन्हा एंड झोनच्या मागून दिसतो. त्या मागच्या कोनावर प्रेम कर. नवखी माणसं बाजूच्या कोनात रमतात, कारण तिथे चेंडू कुठे गेला ते कळतं. मागच्या कोनातून पाय दिसतात.

आणि चेंडूकडे बघायची सवय मोड. फार कठीण आहे हे, क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तर जास्तच. पण या खेळात चेंडू फसवण्यासाठीच असतो. पुढे रांगेत उभे असलेले पाच लाइनमन सहसा फसवत नाहीत, त्यांना ते परवडत नाही. धाव असेल तर ते खाली वाकून पुढे घुसतात, पास असेल तर ताठ होऊन मागे सरकतात. आधी त्यांचं डोकं वर जातं की खाली, हे बघ. मग बाकीचं.

हे आजकाल जास्तच महत्त्वाचं झालंय, आणि तुझ्या सतरा रकान्यांतला एक रकाना यामुळेच तुला दगा देणार आहे. 'धाव की पास' हा तो रकाना. आता जवळजवळ प्रत्येक कॉलेज संघ धाव-पास पर्याय खेळतो, ज्याला सगळे आरपीओ म्हणतात. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा, चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, पोटाशी नेतो, समोरच्या एकाच बचावपटूवर नजर ठेवतो, तो धावेकडे झेपावला तर चेंडू काढून त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत फेकतो, तो थांबला तर चेंडू देऊन टाकतो. लाइनमन मात्र दोन्ही वेळा धावेसाठीच ब्लॉक करत, म्हणजे समोरच्याला अडवत, असतात. कॉलेजच्या नियमात पास सुटेपर्यंत लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेला चालतो, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड, म्हणून हा डाव कॉलेजात इतका फोफावला. आता तू चेंडूकडे बघून 'पास' असं लिहिलंस, तर तू नोंद कशाची केलीस? त्यांच्या प्रशिक्षकाने मागितलेल्या डावाची नाही. त्या दिवशी समोर असलेल्या दुसऱ्याच संघाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, कसा वागला, त्याची. तो लाइनबॅकर तुमचा नाही. म्हणून या रकान्याचे दोन कर: काय मागितलं आणि काय घडलं. लाइनमनच्या डोक्यांवरून पहिला भर, चेंडूवरून दुसरा. माझ्या अनुभवात या एका बदलाने 'हे पास फार करतात' असं वाटणारे काही संघ धावेचे संघ निघाले.

दुसरा रकाना 'डावीकडे की उजवीकडे'. तोही बदलून घे, वरिष्ठ हरकत घेणार नाहीत. मैदानाची रुंदी एकशे साठ फूट. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कच्या, म्हणजे डाव सुरू करताना चेंडू ज्यांच्या आतच ठेवतात त्या खुणांच्या, दोन रांगांत चाळीस फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. म्हणजे व्यावसायिक खेळात चेंडू जवळजवळ मधोमधच असतो. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर ठेवला की एका बाजूला साठ फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला शंभर. या खेळातली निम्मी आखणी त्या चाळीस फुटांच्या फरकातून जन्मते. खेळाडूंच्या भाषेत रुंद बाजू म्हणजे फील्ड आणि अरुंद बाजू म्हणजे बाउंडरी. 'उजवीकडे धावतात' या वाक्याला अर्थ नाही, 'बाउंडरीकडे धावतात' याला आहे.

इथे थोडं रेंगाळतो, कारण मला हा भाग मनापासून आवडतो. त्यांचा सगळ्यात चांगला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कुठे उभा राहतो ते बघ. पुष्कळ संघ त्याला बाउंडरीकडे एकटा ठेवतात. उरलेले रिसीव्हर रुंद बाजूला पसरले की बचावाला माणसं तिकडे पाठवावी लागतात, आणि इकडे त्याच्यासमोर एकटा कॉर्नर, म्हणजे कडेचा बचावपटू, सापडतो. मग बघ, क्वार्टरबॅक डाव्या हॅशवरून पार उजव्या कडेला आडवा पास टाकतो का. कागदावर तो दहा यार्डांचा पास असतो, पण चेंडूला हवेत जावं लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त. पाच सामन्यांत तो पास एकदाही फेकला नसेल, तर एक शक्यता अशी की दंडात तेवढी ताकद नाही आणि हे त्यांच्या प्रशिक्षकाला माहीत आहे. ती जागा मग तुमच्या कॉर्नरने अर्धी मोकळी सोडली तरी चालते. जो डाव ते खेळत नाहीत, त्याचा रकाना कुठल्याच फाइलमध्ये नसतो. तो तू तुझ्या वहीत कर.

खेळाडूंच्या जोडणीचे आकडे तुला एव्हाना पाठ झाले असतील. अकरा म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड (लाइनमनना लागून उभा राहतो, ब्लॉकही करतो आणि पासही झेलतो) आणि उरलेले तीन रिसीव्हर. बारा म्हणजे एक आणि दोन. एकवीस म्हणजे दोन आणि एक. ते नोंदवताना आकडा लिहून थांबू नकोस, त्या जागेवरचा माणूस कोण हेही लिही. काही टाइट एंड फक्त ब्लॉक करायला आत येतात. तो आला की धाव, दुसरा आला की पास, आणि फाइलमध्ये दोन्ही वेळा 'अकरा'.

लहान नमुन्याबद्दल मी तुला काय सांगणार, तो तुझा विषय. फक्त इथे तो किती लवकर लहान होतो ते बघ. साडेतीनशे स्नॅपमधून तिसरा डाउन वेगळा काढलास की साठ-सत्तर उरतील. त्यातले चार ते सहा यार्ड हवे असलेले पंधराएक. त्यातले उजव्या हॅशवरचे पाच. पाचपैकी चार पास म्हणजे ऐंशी टक्के, आणि सॉफ्टवेअर ते 'ऐंशी टक्के' लाल रंगात छापून देतं. प्रशिक्षकाला तो लाल रंग दिसतो, पाच दिसत नाहीत. तेव्हा अहवालात टक्के लिहूच नकोस, 'पाचात चार' असंच लिही. वाचणाऱ्याला आपोआप शहाणपण येतं. एकतर्फी झालेल्या सामन्यांचा शेवटचा भागही बाजूला काढ. पस्तीस गुणांनी पुढे असलेला संघ घड्याळाशी खेळत असतो, प्रतिस्पर्ध्याशी नाही. आणि सुरुवातीचे पंधरा-वीस डाव वेगळे ठेव. ते आधीच लिहून ठेवायची पद्धत प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्यामुळे रूढ झाली आणि आजही बरेच प्रशिक्षक ती पाळतात. ते डाव शांत डोक्याने आठवडाभर बसून निवडलेले असतात. तिसऱ्या सत्रात पिछाडीवर असताना तोच माणूस काय निवडतो, ती त्याची खरी सवय.

तो माणूस, हा पुढचा मुद्दा. तू संघाचा अभ्यास करते आहेस असं तुला वाटतंय, पण खेळाडू तर दरवर्षी पालटतात. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलायची सोय, आल्यापासून अर्धा संघ एका उन्हाळ्यात बदलू शकतो, गेल्या वर्षीची फिल्म अनेकदा निरुपयोगी ठरते. आक्रमणाचा समन्वयक, म्हणजे आक्रमणाचे डाव ठरवणारा प्रशिक्षक, मात्र आपली सवय बरोबर घेऊन फिरतो. तो याआधी कुठल्या विद्यापीठात होता, कुणाच्या हाताखाली शिकला, ते शोध आणि ती फिल्म मिळव. आपल्याकडे गवयाचं घराणं विचारतात तसं इथे प्रशिक्षकाचं विचारावं. प्रशिक्षक हॅल ममी आणि माइक लीच १९८९मध्ये आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात एकत्र आले आणि त्यांनी 'एअर रेड' आक्रमणाला आकार दिला. थोडेच डाव, पण हजार वेळा घोटलेले, आणि मैदान आडवं-उभं ताणून पास, पास, पास. लीच पुढे टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट, मिसिसिपी स्टेट असे फिरले, २०२२च्या डिसेंबरात गेले. पण त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य आज देशभर पसरलेत. समोरच्या समन्वयकाचं घराणं हे आहे असं कळलं, तर अडचणीच्या क्षणी तो कुठल्या तीन-चार डावांकडे धावेल याचा अंदाज तुला फाइल उघडण्याआधीच असतो.

कारण शोधणं म्हणजे काय, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते सैनिकी अकादमींच्या संघांकडे बघताना. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स. बाकीचं जग पासकडे गेलं तरी ही मंडळी वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शन खेळत राहिली. प्रत्येक स्नॅपला तीन शक्यता: चेंडू मधून घुसणाऱ्या फुलबॅकला द्यायचा, नाहीतर क्वार्टरबॅकने स्वतः पळायचं, नाहीतर बाहेरून धावणाऱ्याकडे फेकायचा. हट्ट म्हणून नाही. तिथल्या मुलांना पदवीनंतर लष्करी सेवेत जायचं असतं, शरीराची बंधनं असतात, तीनशे पौंडांची अजस्र लाइन उभी करणं त्यांना अवघड. मग समोरच्याला ढकलून हरवण्याऐवजी त्याला संभ्रमात टाकून हरवायचं. आणि बाकीच्या संघांना असलं आक्रमण वर्षातून एकदाच, एका आठवड्याच्या तयारीवर भेटतं, हा त्यांचा फायदा. ८ ऑक्टोबर २०१६ला नेव्हीने देशात सहाव्या क्रमांकावर असलेल्या ह्यूस्टनला ४६-४० असं हरवलं होतं.

अशा संघाविरुद्धच्या आठवड्यात कल मोजून फार काही हाती लागत नाही, कारण डाव ठरवतो तो तुमचाच बचावपटू. तिथे काम उलटं असतं: फुलबॅक कुणाचा, क्वार्टरबॅक कुणाचा, बाहेरचा कुणाचा, एवढं प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे त्या आठवड्यात काही वेळ चेंडूशिवायच सराव चालायचा. चेंडूच नसला की मुलं त्याच्यामागे पळत नाहीत, आपापला माणूस धरतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वस्तादांची आठवण झाली होती.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस ते. हे सगळं शोधून झाल्यावर त्यातलं किती खेळाडूंपर्यंत जाणार?

कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमाने हंगामात खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सराव, बैठका, व्यायाम, फिल्म, सगळं त्यातच. तो एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. मंगळवारी त्याची रसायनशास्त्राची परीक्षा असते. आणि शनिवारी मैदानात एका डावानंतर दुसरा सुरू व्हायला चाळीस सेकंदांचं घड्याळ असतं, समोरचा संघ घाईने खेळणारा असेल तर त्याच्या निम्माही वेळ मिळत नाही. २०२४पासून वरच्या विभागात प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून एका खेळाडूशी बोलू शकतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाजही बंद होतो. त्यानंतर त्या मुलाकडे फक्त त्याला आठवतं तेवढंच असतं.

मी पहिल्या वर्षी सत्तर पानांचा अहवाल दिला होता. प्रशिक्षकांनी तो वाचला, कौतुकही केलं. पण आमच्या मिडल लाइनबॅकरला मी सामन्यानंतर विचारलं की त्यातलं काय कामाला आलं, तर तो बराच वेळ विचार करत राहिला आणि शेवटी म्हणाला की त्यांचा उजवा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) बाजूला सरकून धावणार असला की हात जमिनीवर कमी टेकतो, बोटांची पेरं पांढरी होत नाहीत. ती माझ्या अहवालातली चव्वेचाळिसाव्या पानावरची एक ओळ होती. त्या एका ओळीवर त्याने दोन धावा मागेच पाडल्या होत्या. पुढच्या आठवड्यापासून मी प्रत्येक जागेसाठी एकच कार्ड करायला लागलो, त्यावर तीन ओळी. सत्तर पानं प्रशिक्षकांसाठी असू देत, त्यांना ती लागतात. पण लाइनबॅकरच्या तीन ओळी, कॉर्नरच्या तीन, सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूच्या, तीन, या निवडायला तुला सत्तर पानांपेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. निवडताना हाताशी आलेलं चांगलं टाकून द्यावं लागतं. जीव तुटतो, पण टाक.

सरावातल्या कार्डांचंही तसंच. मंगळवार-बुधवारी तुमच्याच संघातली शनिवारी न खेळणारी मुलं प्रतिस्पर्धी बनून उभी राहतील आणि त्यांना दाखवायची चित्रं तुझ्याकडून काढून घेतली जातील. एक वर्तुळ म्हणजे एक माणूस. जाड पेनने काढ, मोठं काढ. कार्ड दहा फुटांवरून, घामाने डबडबलेल्या डोळ्यांनी, पाच सेकंदांत वाचायचं असतं. प्रत्येक वर्तुळातून एकच बाण. आणि त्या मुलांची नावं पाठ कर. त्यांतल्या बऱ्याच जणांना शिष्यवृत्तीही नसते, ती आठवडाभर मार खातात तो तुझ्या चित्रावर विश्वास ठेवून. चित्र चुकलं तर समोरचा बचाव चुकीचं शिकतो, आणि मार मात्र खराच बसतो.

विशेष संघांच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारायच्या पंट आणि किकच्या नोंदी दुसरं कुणी करत असेल, तरी स्टॉपवॉच घेऊन एकदा पंटरचा वेळ मोजून ठेव. एवढं पुरे.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक बोलणार आहे. तू नवी आहेस, उत्साही आहेस, आणि कुणीतरी कधीतरी सहज म्हणेल, ते शनिवारी तुझ्या मैत्रिणीच्या गावात खेळतायत ना, तिला सांग की बाकावरून खेळाडूंना डाव सांगायचे इशारे फोनवर टिपून घे. नाही म्हणायचं. हसून, पण तिथल्या तिथे. त्याच हंगामात पुढे ज्यांच्याशी खेळायचं आहे त्यांचा सामना प्रत्यक्ष जाऊन टेहळायला एनसीएएने १९९४पासून बंदी घातली आहे. मैदानात खेळता खेळता स्वतःच्या डोळ्यांनी समोरच्याचे इशारे ओळखले तर तो गुन्हा नाही. माणसं पाठवून, चित्रीकरण करून ते गोळा करणं हा आहे. २०२३मध्ये मिशिगन विद्यापीठावर हाच आरोप आला. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढून माणसं पाठवल्याचं समोर आलं. नोव्हेंबरात मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना मिशिगन ज्या गटात खेळतं त्या बिग टेन परिषदेने नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने बाहेर बसवलं. जानेवारी २०२४मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि तरीही त्या मोसमाबद्दल बोलताना लोक आधी तिकिटांबद्दल बोलतात. ऑगस्ट २०२५मध्ये एनसीएएने विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड केला. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या खेळाडूंचं. त्यांची मेहनत खरी होती. तुझ्यासारख्या कामावर असलेल्या एका माणसामुळे ती कायमची प्रश्नचिन्हाखाली गेली. आपल्या हातात किती असतं ते यावरून समज.

फिल्म इतकी उदारपणे मिळते की चोरीची गरजच नाही. एकेकाळी प्रशिक्षक रिळांचे डबे घेऊन गाडीने अर्ध्या रस्त्यावर भेटायचे आणि अदलाबदल करायचे. आज सामना संपल्यावर तासाभरात सगळं पडद्यावर येतं. २००६मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावी काही विद्यार्थ्यांनी हडल हे फिल्म बघायचं सॉफ्टवेअर सुरू केलं, त्यांचं पहिलं गिऱ्हाईकही तिथलाच विद्यापीठाचा संघ होता. आता शाळेतली मुलंसुद्धा फोनवर आपल्या प्रतिस्पर्ध्याचे डाव बघतात. फिल्म सगळ्यांकडे सारखीच आहे. बघणारे डोळे वेगळे असतात, आणि तुझे चांगले आहेत.

आणखी एक, कामाचं नाही. सरावाचं चित्रीकरण करायला कुणी आजारी पडलं तर तुला कॅमेरा घेऊन उंच उचलणाऱ्या लिफ्टवर पाठवतील. मी दोन हिवाळे त्या लिफ्टवर काढले. जोराचा वारा असेल तर चढू नकोस, कुणीही सांगितलं तरी. ऑक्टोबर २०१०मध्ये नोटर डेम विद्यापीठात सोसाट्याच्या वाऱ्यात लिफ्ट कोसळून सरावाचं चित्रीकरण करणारा एक विद्यार्थी गेला. त्यानंतर नियम कडक झाले, पण नियम वाचायला वर कुणी येत नाही. तू खाली उतरून ये आणि माझं नाव सांग. रविवारी रात्री फिल्म रूममधून निघायला एक-दोन वाजतील, तेव्हा एकटीने चालत घरी जायचं नाही. आईने डब्यात दिलेली मेतकुटाची पुडी तिथे ठेव, त्या वेळेला भाताशिवाय काही गोड लागत नाही.

तुझी फाइल मला पाठवू नकोस. मी आता तुमच्या संघाचा माणूस नाही, आणि तुमच्या संघाचं काही माझ्या पेटीत असणं बरोबर नाही. सरावाला म्हणून एखादा जुना, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेला सामना निवड, त्यावर आपण रविवारी सकाळी फोनवर हवं तेवढं बोलू.

आज रात्रीपुरतं एकच काम. पहिल्या सामन्याची फिल्म लाव, पहिला स्नॅप थांबव, आणि त्यांच्या डाव्या टॅकलचा नंबर वहीत लिही. मग शेवटचा सामना लाव आणि तिथे कोण उभा आहे ते बघ.

तुझा,
काका